लसणाच्या आवाजाचा दाखला

नाम्हे बेट, ३ मार्च

चि. गुम्ही हिस ताईचे अ. आ.

तुझी कंबर कशी आहे ते आधी विचारायला हवं. पण मी रागात आहे, म्हणून शेवटी विचारते.

पाहुण्यांना खोल्या द्यायचा परवाना अडलाय. आग विझवायचं नळकांडं भिंतीला टांगलं. धुराची घंटा बसवली. मी बांगडा भाजत होते तेव्हा ती अशी बोंबलली की तपासायला आलेल्या माणसाने पुढे काही न बघता सही केली. करखात्यातही नाव घातलं. आणि आता कचेरीतली कारकून बाई म्हणते, मालकीण त्याच घरात राहणारी पाहिजे, आणि कागदावर तर तुम्ही बुसानला राहता.

आठवलं? दोन वर्षांपूर्वी तुझ्या ऑपरेशनला आले होते. तिथल्या रहिवाशांना गरम पाण्याच्या स्नानघरात अर्धं तिकीट, म्हणून तूच माझा पत्ता तुझ्या घरी नोंदवलास. दोघींनी पाठी चोळून घेतल्या आणि विसरलो.

गुडघे गेले, आता चिखलात उतरून शिंपले काढणं होत नाही. खोल्या चालल्या नाहीत तर घर विकावं लागेल. बाईने एकच वाट ठेवलीय. मी इथेच राहते असं भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. म्हणजे बोंगनमने. माझ्या कोबीच्या किमचीत मीठ जास्त झालंय म्हणाली म्हणून जिच्याशी मी अकरा वर्षं बोलत नाही, तिने.

कंबर कशी आहे?

तुझी मालजा

बुसान, ९ मार्च

ती. मालजाताईस गुम्हीचा शि. सा. न. वि. वि.

कंबर बरी आहे. पत्त्याची कल्पना माझी होती हे कबूल, पण एक दिवसाआड टॉवेल घेऊन पळणारी तू होतीस.

घर विकून माझ्याकडे ये असं लिहिणार होते. मग आठवलं, तू इथे चार महिने पहाटे पाचला लसूण कुटायचीस आणि खालच्या मजल्यावरून चिठ्ठ्या यायच्या. माझी माया आहे ताई, पण ती लांबून जास्त टिकते. शिवाय आईने लावलेलं झाड दुसऱ्याच्या अंगणात गेलेलं मला बघवणार नाही.

तेव्हा बोंगनमकडे जा. तांदळाची वाफवलेली वडी ने, लाल चवळी घालून. गोड बोलणं तुला जमत नाही, म्हणून कमी बोल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

गुम्ही

नाम्हे बेट, २२ मार्च

चि. गुम्हीस अ. आ.

वड्या घेऊन गेले. काय हवंय ते एका वाक्यात सांगितलं. तिने ताट घेतलं आणि दार लावलं. मी घरी येऊन तुला शिव्या दिल्या.

परवा कारकून बाई आली. बोंगनमने कुंपणावरून कागद पुढे केला. बाई तो अंगणात उभी राहून मोठ्याने वाचायला लागली.

‘मालजा इथे राहत नाही म्हणणाऱ्याने एक दिवस माझ्या घरी झोपून बघावं. रोज पहाटे पाचला ती भिंतीपलीकडे लसूण कुटते. मधे चार महिने आवाज बंद होता. तेव्हाही मला पाचलाच जाग यायची आणि मग दिवसभर चैन पडायचं नाही. ती इथेच राहते. फार राहते.’

बाईला शेवटी वाचवेना, हसायला लागली. मी कोंबड्यांना हाकलत होते. त्या लांब होत्या, तरी हाकलत होते.

शिक्का मिळाला, पत्ताही परत इथला झाला. रात्री मी तांदळाची दारू जरा जास्त प्याले आणि सकाळी उठलेच नाही. साडेपाचला बोंगनम दारात, दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला. मेलीस काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, परवाना आत्ता कुठे मिळालाय, आत्ताच कशाला मरू. मग तिने लसूण सोलला आणि मी कुटला. किमचीत मीठ जास्तच होतं, हे मी अजून कबूल केलेलं नाही.

पहिली पाहुणी तू. बोंगनमच्या भिंतीकडची खोली ठेवलीय. वहीत नाव-पत्ता लिहावा लागेल, नियम आहे. खरा पत्ता लिही.

येताना कंबर सांभाळ आणि माया सगळी घेऊन ये.

तुझी मालजाताई