नऊ गाणी आणि मागचं शिलाई मशीन

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (योगायोगाने मी आत्ता पलंगावर आडवीच आहे, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदापुरता नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मशीनचं पायडल डाव्या पायाने मारायला लागलीस, की डॉक्टरांचं ऐकायचं नाही हा बाणा अजून चालूच आहे? इकडे सगळे ठीक. बाबांच्या लिफ्ट वर जातात, खाली येतात आणि मधे अडकल्या की बाबा जातात. आई माझ्या पदवीच्या चौकटीची काच रोज पुसते. ती इतकी चकचकीत झाली आहे की तीत माझं नाव कमी आणि आईच जास्त दिसते. मी ठणठणीत आहे. हे वाक्य पुढे आणखी एक-दोनदा येईल, वैतागू नकोस.

आज एकवीस दिवस झाले, तू माझा फोन घेत नाहीस. बाबा म्हणतात, "रागावलेली नाही गं ती, कामात आहे." आपल्या घरात कामात असणं म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. आई एकदा बाबांशी अशीच कामात होती, तेव्हा दीड महिना त्या दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत होत होतं. म्हणून हे पत्र. पत्र कट करता येत नाही. (फाडता येतं, पण तू कागद फाडत नाहीस, पाठीमागे मापं लिहितेस. म्हणून मी मागची बाजू कोरी सोडली आहे.)

आता पहिल्यापासून सांगते, कारण बाबांनी तुला फोनवर फक्त गाणी ऐकवली, गाण्यांची हकिगत सांगितली नाही. माझा अल्बम अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या वळणाचा आहे. म्हणजे हातात गिटार, मागे एक आडवी ठेवून वाजवायची रडवी स्टील गिटार, आणि शब्दांत धूळ, लांब रस्ता, एखादी खटारा मोटार आणि सगळं गमावून पुन्हा उभं राहिलेलं एक माणूस. मला ही गाणी आवडतात कारण ती खोटं बोलत नाहीत, असं मी कॉलेजात निबंधात लिहिलं होतं. मागच्या वर्षी मी नोकरीतून घरी येऊन पडले ते पाच महिने उठलेच नाही (घरात त्याला 'थकवा' म्हणायचं ठरलं, शेजाऱ्यांसाठी 'कावीळ'), त्यातून बरं होण्याची ही नऊ गाणी. माझ्यासारखं कोणी कुठे पडून असेल तर त्याला हात मिळावा, हा माझा प्रामाणिक हेतू होता. आत्या, हेतू प्रामाणिक असला की माणूस किती बिनधास्त चुका करतो, ते मी आता अनुभवाने सांगू शकते.

पहिली चूक अशी की या गाण्यांतला माणूस नेहमी एकटा असतो. मी असली शेकडो गाणी ऐकली आहेत. त्यांत घोडा असतो, कुत्रा असतो, दार लोटून गेलेली बायको असते, पण आत्या एकाही गाण्यात नाही. मी खरंच शोधली. तेव्हा मीही माझ्या गाण्यांतून तुला वगळलं, आणि अल्बमचं नाव ठेवलं 'माझी मीच'. बाबांनी सगळी गाणी ऐकली आणि म्हणाले, "पहिल्या गाण्यात पडतेस, नवव्यात उठतेस. मधली सात गाणी तुला जेवायला कोण घालत होतं?" लिफ्टवाल्या माणसाला मधल्या मजल्यांची फार काळजी असते. मी त्यांना म्हटलं, बाबा, ही कला आहे. ते म्हणाले, "असेल, असेल," आणि बूट घालून कामावर गेले.

रेकॉर्डिंगचं झालं असं. आमचे ध्वनिमुद्रक हे मुळात कानाची मशीनं दुरुस्त करणारे. मी त्यांना कानवाले म्हणते. गाणी मुद्रित करणं हा त्यांचा छंद. त्यांच्या मेहुण्याचं गाद्यांचं गोदाम आहे. गाद्या आवाज शोषून घेतात म्हणून तिथे चार दिवस मला दोन उभ्या गाद्यांच्या मधे सँडविचसारखं उभं करून त्यांनी माझ्याकडून नऊही गाणी गाऊन घेतली. (पाचव्या गाण्यात कापसामुळे आलेली शिंक आहे. ती त्यांना अल्बममधली सर्वांत खरी जागा वाटली.) सगळं ऐकून झाल्यावर ते हिरमुसले. म्हणाले, सूर जागेवर आहे पण गाणं मेलेलं आहे. मग त्यांनी विचारलं, मूळ कच्ची गाणी कुठे आहेत? ती होती माझ्या फोनमध्ये. तू आमच्याकडे होतीस त्या महिन्यांत, आतल्या खोलीत, पलंगावर बसून मी ती फोनपुढे गात असे, आणि बाहेरच्या खोलीत तू दवाखान्याच्या उशांचे अभ्रे शिवत असायचीस. कानवाल्यांनी ती ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला. हीच घेऊ म्हणाले. मग त्यांनी मान तिरकी केली (बहिऱ्यांना काय ऐकू येत नाही हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला आहे) आणि विचारलं, "मागे हे मशीन कोण चालवतंय?"

आत्या, मी म्हटलं, "शेजारी."

हे मी का म्हटलं, ते मी गेले तीन आठवडे स्वतःला विचारते आहे. 'माझी मीच' नावाच्या अल्बममध्ये मागे आत्या शिवते आहे हे मला बरं दिसेना, एवढंच उत्तर सापडतं. कानवाले म्हणाले, "शेजारी तुमच्या बरोबरीने श्वास घेतात?" मी म्हटलं, भिंत पातळ आहे. त्यांनी आठ दिवस खपून नऊ गाण्यांतून तुझं मशीन वेचून काढलं, तांदळातले खडे वेचावेत तसं.

आणि मग गाणी लंगडायला लागली. तुझं मशीन होतं तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही की मी तुझ्याच लयीत गात होते. ते गेलं आणि उघडं पडलं. तू पायडल जोरात मारलंस तिथे मी पळते, तू कापड वळवलंस तिथे रेंगाळते, आणि दुसऱ्या गाण्यात, 'मी खिडकीपर्यंत' म्हटल्यावर जी भलीमोठी शांतता आहे, तिथे तू संपलेल्या दोऱ्याची बॉबीन बदलत होतीस. स्टील गिटारवाले काका (दिवसा चष्म्यांच्या काचा घासतात, संध्याकाळी रडवी गिटार वाजवतात) यांनी मला विचारलं, इथे इतकं का थांबतेस? मी म्हटलं, भावना. त्यांनी डोळे मिटले आणि त्या बॉबीनवर असा काही सूर ओढला की कानवाल्यांनी नाक पुसलं. एका परीक्षणात त्या शांततेला 'वेदनेचं मौन' म्हटलं आहे. परीक्षण पाच ओळींचं आहे, त्यातल्या दोन बॉबीनवर आहेत.

नवव्या गाण्याच्या आधी मी जे बोलले आहे, ते तू ऐकलंस. 'या काळात माझ्यासोबत कोणी नव्हतं.' बाबा सांगतात, तू तिथपर्यंत नीट ऐकत होतीस. मग म्हणालीस, "आवाज चांगला आलाय तिचा," आणि फोन ठेवलास. तू शिव्या घातल्या असत्यास तर मला झोप लागली असती. मी लिहिणारी, शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. आणि पाच महिन्यांत मला कुणी उठवलं हे एका ओळीत खरं लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याकडून झालं नाही. तू म्हणायचीस, "उठू नकोस. उठायचं नसेल तर नकोच उठूस. पण एवढी सुई ओवून दे, मला दिसत नाही." मी पडल्यापडल्या ओवायची. मग तुला बसून ओवलेली हवी असायची, कारण पडून ओवली की दोरा पिळतो म्हणे. मग म्हणे खिडकीशी उजेड बरा. मग म्हणे मशीनपाशीच ये, सुई परत परत कुठे नेऊ. महिन्याभरात मी बाहेरच्या खोलीत होते आणि मला वाटत होतं, मी चालत आले. दुसऱ्या गाण्यातली खिडकी ती हीच.

कार्यक्रमाचं थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, सतरा माणसं. आई पहिल्या रांगेत, बाबा दाराशी (जिना बघत होते, म्हणाले इथे लिफ्ट हवी). पहिलं गाणं कसंबसं झालं. दुसऱ्यात 'मी खिडकीपर्यंत' म्हटलं आणि थांबले, आणि मशीन सुरू होण्याची वाट पाहत राहिले. ते सुरू होईना. स्टीलवाल्या काकांनी सूर ओढला, परत ओढला, तिसऱ्यांदा ओढला. मला पुढची ओळ पाठ होती आत्या, पण कुठून सुरू करायचं ते कळेना. मी गिटार खाली ठेवली आणि स्टुलावर बसून राहिले. लोकांना वाटलं हाच शेवट आहे. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका बाईने येऊन माझा हात धरला आणि म्हणाली, तुम्हाला बघून बळ आलं. मी तिला थँक्यू म्हटलं. त्यापेक्षा मोठं खोटं मी 'शेजारी' सोडून कधी बोललेले नाही.

असो. मी ठणठणीत आहे. गुडघ्याला जप, उलट उत्तर देणार असशील तर निदान पोस्टाने दे. बाकी सर्व क्षेम.

तुझी भाची
(कावीळ झालेली)

ता. क. कानवाल्यांना मी फोनवर खरं सांगितलं. ते म्हणाले, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, शेजारी कुणाच्या गाण्यासाठी मशीन हळू करत नाहीत. मशीन सगळ्या गाण्यांत परत घालता येईल. नवव्या गाण्याआधीचं ते वाक्य मी काढायला सांगितलं आहे. तुझी परवानगी असेल तर आत छापायचं आहे: 'स्टील गिटार: काका. शिलाई मशीन: आत्या.' चालेल का ते कळव.

ता. क. २. त्यांनी न साफ केलेली मूळ प्रत जपून ठेवली होती (माझ्या फोनमधली मी पुसून टाकली होती), ती मला पाठवली. सहाव्या गाण्यात मी मधेच गायची थांबले होते ना, तिथे तुझं मशीनही थांबतं, आणि तू बाहेरून म्हणतेस, "का गं थांबलीस? म्हण की पुढे, मला अजून बारा अभ्रे शिवायचेत." हे मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. पण मी पुढे म्हटलं आहे. म्हणजे आलं असावं.

ता. क. ३. वर दोन ठिकाणी 'ठणठणीत' लिहिलं आहे ते खरं नाही. कार्यक्रमाला बारा दिवस झाले. मी त्या दुपारपासून आतल्या खोलीत आहे, केस विंचरलेले नाहीत, आई दाराशी ताट ठेवते. बाबांनी परवा दाराबाहेरून विचारलं, कुठल्या मजल्यावर आहेस. मशीन आणायला टेम्पो लागेल तर बाबा बघतील, ते तू विचारण्याची वाट बघताहेत. पत्राचं उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल, पण तू ये.

आणि एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी तू एकदा माझ्या औषधाच्या बाटलीवरची मुदत चष्म्याशिवाय वाचलीस, ती मुंगीएवढी अक्षरं, हातभर लांबून. मी पाहिलं होतं. तरीही सुई ओवून दिली.

येताना सुई ओवून आणू नकोस.