गिराणपट्टीचा उंबरा

सर, माझ्या मंगळवार पेठेतल्या घराचा उंबरा काल काढला. घर पाडून पोरगा तिथं मजले चढवणार आहे. पहार लावली, दगड उलटला आणि तो ओरडला, "आबा, ह्याच्या पोटाला अक्षरं हायत की!" मी म्हटलं, "असतील. जुना दगड हाय," आणि त्याला चहा सांगायला पाठवलं. मग खाली बसून, तुम्ही शिकवलं होतं तसा ओला फडका फिरवून बोटानं वाचत गेलो. महिना, अमावास्या, वार. आणि पुढं, जराही न झिजलेलं, सूर्यग्रहण. तुमचं खरं होतं. हे सांगायला तुम्ही असायला हवे होतात.

आपली पहिली भेट आठवते? कळंब्याच्या पुढं, ज्या माळाला लोक गिराणपट्टी म्हणतात तिथं, हायस्कूलचे मास्तर तुम्ही, शिलालेख हुडकत, बांधावरच्या एका दगडाशी एकटेच झटत होता. मी हातोड्याची पिशवी घेऊन चाललेला. तुम्ही हाक मारली, "पावणं, जरा हात लावता का?" मी हात लावला आणि दगड ओळखला. तो दगड मीच फोडलेला होता. दोनच वर्षांपूर्वी हेच घर बांधताना उंबऱ्यासाठी दगड हुडकत तिथं आलो होतो. हा पालथा पडलेला. आम्ही पाथरवट आधी दगडाला वाजवून बघतो. आत चीर असली तर तो बद्द बोलतो. हा घंटेसारखा बोलला. खरं तर उलटूनही बघायचं असतं, पण मला कानाची घमेंड. लांबी जास्त होती म्हणून मधोमध पाचरी ठोकल्या, खालचा तुकडा गाडीत घालताना उलटला, तेव्हा अक्षरं दिसली. शकाचे आकडे नेमके मी पाडलेल्या फुटीत गेले होते.

वरचा तुकडा तुम्हाला सापडला: सूर्य, चंद्र, राजाच्या बिरुदावल्या, 'शक' हा शब्द, आणि मग माझा घाव. तुम्ही त्यावर बोट ठेवून म्हणाला, "कुणा गाढवानं फोडलाय रे हा?" मी म्हटलं, "काय की सर."

त्यानंतर दर रविवारी तुम्ही मला बरोबर नेत राहिला. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला तुम्ही दगडावरची जुनी वळणं वाचायला शिकवली आणि मी तुम्हाला दगड ऐकायला शिकवला. कुठंतरी झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून तुम्ही सांगताय: "सूर्य झाकला की राजासुद्धा भितो, आणि भ्यालेला राजा जमीन देतो. सूर्य-चंद्र असेतो ही जमीन तुमची, म्हणून वर दोघांना कोरायचं. त्यांना पुण्य मिळालं का ठाऊक नाही, पण आपल्याला तारीख मिळते. आकडा फुटतो, लेखनिक चुकतो. सूर्याचं गणित मागं मोजत नेता येतं. महिना, वार आणि ग्रहण जुळलं की साल हातात." त्या सालावरच ठरणार होतं, या माळावर आधी सत्ता कुणाची, ह्या राजाची की शेजारच्याची. खालचा तुकडा नसल्यामुळं तुमच्याकडं पुरावा एकच, माळाचं नाव. गिराण म्हणजे ग्रहण. दान ग्रहणातलं, ह्या राजाच्या काळात इथं मोठं ग्रहण एकच, म्हणून साल अमुक.

ते तुम्ही इतिहास परिषदेत वाचलंत, तेव्हा मी शेवटच्या रांगेत होतो. एक मोठे विद्वान उठून म्हणाले, "मास्तर, नावावरून ग्रहण लावताय, उद्या म्हसोबाच्या माळावरून म्हशींची शिरगणती कराल!" सगळा हॉल हसला. चहाच्या किटल्या घेऊन उभा असलेला माणूसही हसला. तुम्ही कागद घडी करून खिशात घातले आणि त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं, की दगड माझ्या दारात आहे. पण तेव्हा मला नुकती मोठी कामं मिळायला लागली होती. देवाचा लेख फोडणारा पाथरवट कोण दारात उभा करतो? आधी भीती होती, मग लाज झाली, आणि लाज वर्षागणिक घट्ट होत जाते, चुन्यासारखी. दवाखान्यात शेवटी तुम्हाला माणसं ओळखू येत नव्हती. मला मात्र विचारलंत, "खालचा तुकडा मिळाला काय रे?" मी म्हटलं, "न्हाय सर. हुडकतोय."

लेखाच्या शेवटी शाप आहे. हे दान मोडेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. मी दान मोडलेलं नाही, दगड मोडला. तुम्ही असता तर या वकिलीवर हसला असता. मला हसू आलं नाही.

वस्तुसंग्रहालयाला कळवायचा अर्ज समोर आहे. 'कोठे व कसा मिळाला' इथं पेन थांबलंय, म्हणून हे पत्र. ते कुठं टाकणार?

एक राहिलंच. तुम्ही घरी आलात की मी दारातच म्हणायचो, "सर, उंबऱ्यावर पाय देऊ नका." तुम्ही थट्टा करायचा, "एवढा हुशार माणूस आणि हे पाळतोस?" पण पाय उचलून आत यायचा. मी काही पाळत नव्हतो, सर. अक्षरं चुन्यात मरू नयेत म्हणून दगड वाळूवर पालथा बसवला होता. पाय पडला की तो किंचित हलायचा, आणि वाजायचा, वरच्या तुकड्यासारखाच. तुम्हाला ऐकायला मीच शिकवलं होतं.