कुठलाही स्कोप चालेल

११ जानेवारी २०२५, शनिवार

पुन्हा तेच! डायनिंग टेबलावर जुनं वर्तमानपत्र आणि त्यावर शिशाच्या गोळ्यांच्या तीन राशी. बशी ठेवायला जागा नाही. पोहे मी उभ्याने खाल्ले.

शशी समजावत बसला. मी विचारलं नव्हतं. ही गोल गोळी, कापडाच्या चकतीत गुंडाळून नळीच्या तोंडातून आत ढकलायची. ही लांबडी, नुसती शिशाची. आणि ही प्लास्टिकच्या टोपणात बसवलेली. "नळीच्या आत जे आटे असतात ना सुचेता, त्यांचा पीळ किती घट्ट आहे त्यावर सगळं ठरतं. आपल्या रायफलीला लांबडीच हवी. कस्तुरीला मात्र गोलच—"

तिथे थांबला.

मी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. डिशवॉशर रिकामा असताना!

सोळा महिने झाले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सर्जरीत, म्हणजे माझ्या दवाखान्यात, रिसेप्शनवरच्या मुलींना तिळाच्या वड्या नेल्या. एक वडी मी सवयीने वेगळी काढली होती. परत डब्यात टाकली.

१९ जानेवारी, रविवार

लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

ही बंदूक कस्तुरीची. शशी कारखान्यातून रिटायर झाला तेव्हा तिनेच त्याला बर्मिंगहॅमबाहेरच्या त्या नेमबाजीच्या क्लबमध्ये नेलं. "बाबा, तू घरी बसून आईला छळणार. चल." नळीच्या तोंडातून दारूची पावडर भरायची, मग गोळी, मग गजाने ठासायचं— एवढं करून एक बार! मला हसू यायचं. पण चाळीस वर्षं मशीनचे पार्ट मोजत आलेल्या माणसाला अजून काय हवं! दोघं दर रविवारी जायचे. परत येताना हात काळे, कपड्यांना सडक्या अंड्यांचा वास आणि तोंडाने अखंड बडबड. तिचं मराठी ते असं— "आई, आज माझा बंदूक एकदम छान चालला!" बंदूक 'तो' नाही गं, 'ती'. शेवटपर्यंत जमलं नाही तिला.

अमेरिकेत अशा रायफलींसाठी शिकारीचा वेगळा सीझन असतो. मायरा, तिची युनिव्हर्सिटीतली मैत्रीण, पेनसिल्व्हेनियात राहते. तिच्या मामांचं रान आहे. ऑक्टोबर २०२३ ला बापलेक जाणार होते. कस्तुरी हरणावर नेम धरणार, आणि शशी म्हणे नुसता बरोबर चालणार. "मी मारणार नाही हं, मी फक्त पावडर मोजून देईन."

सप्टेंबरमध्ये ती ऑफिसात मीटिंगमधून उठली, डोकं धरलं आणि खाली पडली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. एकतीस वर्षांची होती. मी डॉक्टर आहे, मला सगळं समजतं. समजून काय करू?

गेल्या दिवाळीत शशी एकदम म्हणाला, "येत्या ऑक्टोबरला मी जातो. तिच्याऐवजी." तेव्हापासून पावडर, गोळ्या, स्कोप. मला वाटलं, असू दे. काहीतरी धरून राहील.

२६ जानेवारी, रविवार

बंदुकीचा परवाना मे महिन्यात संपतो. शशी लॅपटॉपवर नूतनीकरणाचा फॉर्म भरत होता. मी चहा ठेवायला गेले आणि स्क्रीनवर दिसलं. 'तुम्हाला कधी डिप्रेशनचा त्रास झाला आहे का?' त्याने 'नाही' वर टिक केलं होतं.

सहा महिने गोळ्या घेतल्या त्याने! मागच्या उन्हाळ्यात आपल्या मनाने बंद केल्या.

मी बघते आहे हे त्याला कळलं.

"हो म्हटलं तर पोलीस बंदूक घेऊन जातील, सुचेता."

"तुझ्या डॉक्टरकडून त्यांना कळेलच ना रे."

"तेव्हाचं तेव्हा. तिची आहे ती."

माझ्याकडे दर महिन्याला असा एखादा फॉर्म येतो, पोलिसांकडून, डॉक्टरच्या शेऱ्यासाठी. कुणा शेतकऱ्याचा, कुणा रिटायर्ड पोस्टमनचा. पाच मिनिटांत शेरा लिहून मोकळी होते मी. आज मात्र चहा दिला आणि वर गेले.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मी क्लबला गेले. पहिल्यांदाच! शशीनेच विचारलं, "येतेस?"

थंडी अशी की नाक गळून पडेल. ग्रॅहम भेटला— क्लबचा जुना मेंबर, पासष्टीचा, हात बापरे केवढे! त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "आम्हा सगळ्यांना तिची आठवण येते." मग माझ्यासाठी खुर्ची ओढली. बरं केलं.

शशी काम करताना बघितला. तो खराखुरा माणूस तिथे होता! दोन प्रकारची पावडर आणली होती. एक जुनी काळी, एक नवीन, तिच्या जागी वापरतात ती. पितळी मापाने मोजून, प्रत्येकीबरोबर तिन्ही गोळ्या, पाच-पाच बार. बार झाला की पांढऱ्या धुराचा लोट, आणि धूर सरेपर्यंत कागदावर काय लागलं ते दिसत नाही. सगळं वहीत लिहीत होता. जुन्या पावडरीने नळी लवकर मळते, तिसऱ्या बारानंतर गोळी आत जाताना अडते. नवी जरा स्वच्छ, पण ओल धरते. लांबडी गोळी आणि नवी पावडर— पाचही भोकं एका बशीत मावतील इतकी जवळ. तो वळून माझ्याकडे बघून हसला. दात दिसले!

मग स्कोपवर तासभर वाद, ग्रॅहमबरोबर. शशीचे डोळे आता नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर टिकत नाहीत, दुर्बीण लावावीच लागणार. ग्रॅहम म्हणाला, कमी ताकदीचा घे, रानात हरीण जवळच निघतं, मोठ्या स्कोपमध्ये नुसते केस दिसतील. शशी म्हणाला, पण काच चांगली हवी, संध्याकाळच्या उजेडाचं काय? आणि डोळ्यापासून अंतर? धक्का बसला की भुवई फुटायची! किटली घ्यायला तीन आठवडे लावणारा माणूस आहे हा. स्कोपला सहा महिने लागतील म्हणा.

येताना गाडीत मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने काढला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज ती तेहेतीस वर्षांची झाली असती.

शशीने सकाळी रायफल साबणाच्या गरम पाण्याने धुतली, पुसली, तेल लावलं. दुपारी परत तेच. संध्याकाळी परत.

२३ फेब्रुवारी, रविवार

तिची सायकल गेली. गराजमध्ये जागा रिकामी. विचारलं तर म्हणाला, चॅरिटी शॉपला दिली. मला न विचारता!! खूप ओरडले मी. तो ऐकत उभा राहिला. "पडून होती," एवढंच म्हणाला.

क्लबला गेला नाही.

१ मार्च, शनिवार

शशीने मला बोलावून एक फाइल दाखवली. बॉयलरची कागदं, गाडीचा इन्शुरन्स, कौन्सिल टॅक्स, सगळे पासवर्ड. रंगीत लेबलं लावून. "तुला कधी सापडत नाही म्हणून."

मी थँक्यू म्हटलं! खरंच थँक्यू म्हटलं मी.

४ मार्च, मंगळवार

लंच ब्रेकमध्ये मायराचा मेसेज. 'काकू, काका ऑक्टोबरला येत नाहीत हे जानेवारीतच कळलं होतं, पण तुमच्याशी बोलायचा धीर होत नव्हता. कसे आहात दोघं?'

जानेवारीतच! म्हणजे टेबलावर राशी मांडल्या होत्या तेव्हा. मी क्लबला गेले तेव्हा. कुठे जायचंच नव्हतं तर हे सगळं कशासाठी चाललं होतं?

दुपारचे सहा पेशंट कसे बघितले आठवत नाही.

घरी आल्यावर त्याला काही विचारलं नाही. धीर झाला नाही. सहज विचारल्यासारखं म्हटलं, "ठरला का रे स्कोप?"

तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"कुठलाही चालेल."

कुठलाही चालेल. शशी. किटलीवाला शशी.

माझ्यासमोर एखादा पेशंट असता आणि त्याच्या बायकोने मला हे सगळं सांगितलं असतं— गोळ्या बंद केल्या, सायकल देऊन टाकली, फाइल लावली, प्रवास रद्द करून लपवला— तर मी तिला काय म्हटलं असतं? एक मिनिट तरी थांबले असते का?

५ मार्च, बुधवार

सर्जरीत पोलिसांना लावायला फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला. ती बंदूक गेली की तिचं काय उरतं त्याच्याजवळ? आणि मी नेली म्हणून मला कधी माफ करेल? बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवतो तेही मला माहीत नाही. परवाना त्याच्या नावावर, कायद्याने मला माहीत असायलाच नको.

संध्याकाळी शशीने नुसताच भात चिवडला. मी समोर बसून राहिले. एकदा तोंड उघडलं त्याने, मग मिटलं.

६ मार्च, गुरुवार

केला. सकाळी सव्वाआठला, सर्जरीच्या कार पार्कमध्ये, गाडीच्या काचा बंद करून. १०१, पोलिसांचा नंबर. डॉक्टर म्हणून नाही, बायको म्हणून बोलते आहे असं सांगितलं. पलीकडची बाई फार हळू बोलत होती. शेवटी म्हणाली, "यू हॅव डन द राइट थिंग."

मग मी चाळीस वर्षांच्या संसाराबरोबर विश्वासघात केल्यासारखं का वाटतंय?

७ मार्च, शुक्रवार

पोलिसांकडून दोघं आले. एक बाई, एक तरुण. बूट पुसून आत आले. मी मुद्दाम रजा घेतली होती.

"आम्हाला फोन आला होता," बाई म्हणाल्या. मी खाली बघितलं. शशीनेही खाली बघितलं.

त्याला सगळं कळलं, मला खात्री आहे.

किल्ली त्याने स्वतः आणली. रायफल स्वतः काढून दिली, नळी रिकामी असल्याचं दाखवून. पावडरची लाकडी पेटी त्याने घरीच केलेली, कोपरे असे जुळवलेले की रेघ दिसू नये. ती त्या तरुणाच्या हातात देताना म्हणाला, "ही नवी पावडर जरा जपा. ओल लागली की फुकट जाते."

दार लागलं. तो जिन्यावर बसला. मी त्याच्याजवळ गेले. "शशी—"

"बरं झालं," म्हणाला. आणि उठून वर गेला.

असं 'बरं झालं' म्हणाला की मला चरचरून भाजलं.

१० मार्च, सोमवार

बोलत नाही. "मीठ दे." "फोन आहे." एवढंच. डोळ्याला डोळा भिडवत नाही. त्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आला, एकटा. मला येऊ दिलं नाही. गोळ्या पुन्हा सुरू. रोज एक घेतो. मी गुपचूप पाकिटातल्या मोजते.

१६ मार्च, रविवार

ग्रॅहम येऊन बसला. दोघं परसात दोन तास. मी खिडकीतून बघत होते. ग्रॅहमच एकटा बोलत होता बहुतेक. जाताना मला म्हणाला, "त्याला वेळ दे." देते आहे. दुसरं काय आहे माझ्याकडे!

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. आणि इथला मदर्स डे. दोन्ही आजच.

गुढी उभारली नाही. श्रीखंड मात्र केलं, का ते माहीत नाही. दुकानात जिकडे तिकडे पिवळी फुलं आणि 'बेस्ट मम' ची कार्डं. पोरं आयांना हाताला धरून चालवत होती.

शशीने वाटी संपवली. मग माझी खरकटी वाटी उचलून धुतली. उभाच राहिला सिंकपाशी, पाठ करून. मला म्हणायचं होतं, मीच केला फोन, शिव्या दे, ओरड, पण असा गप्प नको राहू. नाही म्हणता आलं.

त्याला गमावू नये म्हणून केलं, आणि गमावलाच.

३ एप्रिल, गुरुवार

पोलिसांचं पत्र आलं, शशीच्या नावाने. त्याने वाचलं, माझ्यापुढे ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

'बुधवार, ५ मार्च रोजी आपण स्वतः फोनवरून केलेल्या विनंतीनुसार रायफल ताब्यात घेण्यात आली...'

बुधवार. मी केला तो गुरुवारी.

"तुला सांगायची लाज वाटली गं," शशी म्हणाला. "तुझ्याकडे बघवतच नव्हतं."