पेडलवरचे पाय

सोमवार, ३ मार्च २०२५

माझ्या विद्यार्थ्याची, प्रसेनजीतची, आज आठ लँडिंग. आठव्याला चेहरा असा फुलला! "मॅडम, बसलं की बरोबर मधल्या रेघेवर!" बसलं खरं. पण बसवलं कुणी? वारा कागलच्या बाजूनं आडवा. विमानाचं नाक वाकडं व्हायला लागलं आणि ते सरळ करायला मी माझं पेडल दाबलं. दोघांची पेडलं जोडलेली — माझं दबलं की त्याचंही दबतं. त्याला वाटतं, आपणच दाबलं.

शिकवणाऱ्यानं अशा वेळी पाय मागं घ्यायचे असतात. नव्या इन्स्ट्रक्टरना मीच ओरडून सांगते. पण जमीन जवळ आली की माझा धीर सुटतो — सोळा वर्षं झाली तरी!

गुरुवार, ६ मार्च

आमचे मोठे सर, उदयसिंह, यांनी खोलीत बोलावलं. "पूर्णिमा, त्या वारणानगरच्या पोराचं काय? बरोबरची सगळी एकटी उडाली, ह्यो बसलाय अजून." आणखी चार दिवस द्या, म्हटलं. "कशाला? लँडिंग तर झ्याक करतोय की!"

काय सांगणार? की ती मी करते? शनिवारी त्यानं एकट्यानं उडायचं — त्या कागदावर सही करून मोकळी झाले.

शुक्रवार, ७ मार्च

जेवण गेलं नाही. आईला म्हटलं, पित्त झालंय.

शनिवार, ८ मार्च

पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याला आमच्याकडे अंघोळ घालतात. पोरांनी सकाळीच बादल्या भरून ठेवल्या. त्याचे वडील बाबासो कारखान्यातून रजा काढून आलेले, हातात पेढ्यांचा पुडा. "मॅडम, तुमच्यामुळं ह्यो दिस दिसला!"

चढला छान. उतरताना वारा वाढला. मी बाहेर गवतात उभी. नाक वाकडं झालं. दाब, दाब रे! — माझेच पाय बुटात आवळत होते. त्यानं दाबलंच नाही. चाक धावपट्टीबाहेर गेलं, पंख टेकला आणि विमान उलटं!

बाबासो पुडा हातात घेऊनच धावले.

बुधवार, १२ मार्च

जिवंत आहे. मणका गेला. कमरेखाली आता काही कळणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बावीस वर्षांचा!

बाबासो दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. "माझ्याच पोराचं चुकलं असंल, मॅडम. तुम्ही वाईट वाटून घिऊ नगासा." तिथंच मरून जावंसं वाटलं. तरी खरं बोलले नाही.

मंगळवार, १८ मार्च

चौकशी. चौकशीला आलेल्या साहेबांनी सरळच विचारलं — सरावात तुमचे पाय पेडलवर असायचे का?

"नाही."

लेखी दिलं. नोकरी वाचेल बहुतेक. स्वतःची किळस येतेय.

शुक्रवार, २८ मार्च

प्रसेनजीतच्या जबाबाची प्रत आज वाचली. त्याला विचारलंय ते फक्त वाऱ्याबद्दल आणि वेगाबद्दल. पेडलचा प्रश्नच नाही. तरी शेवटी त्यानं आपल्या मनानं एक ओळ घातलीय — "सरावात मॅडमचे पाय पेडलवर कधीच नव्हते."

म्हणजे त्याला कळत होतं! आणि तरी माझ्या सहीवर भरवसा ठेवून तो एकटा गेला.