सव्विसावं फूल

२९ डिसेंबर
मळ्यावरच्या नव्या इंजिनिअरबाईंनी आज सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलं. वय जेमतेम एकतीस. म्हणाल्या, ३० जानेवारीला प्रत्येकाने आपला विभाग पडद्यावर दाखवायचा. शेतातली नोंद आणि हॉलमधली नोंद सॉफ्टवेअरमध्ये जोडायची आणि तिचा तक्ता काढायचा. मार्चपासून प्रमुखांची संख्या कमी होणार, हेही त्याच दमात सांगितलं. बाकीचे घाबरले. मी नाही. गुलाब निवडायच्या हॉलचा मी बावीस वर्षं प्रमुख आहे. काचेची केबिन आहे, फिरती खुर्ची आहे. बावीस वर्षांत माझ्या हॉलची नासधूस, म्हणजे मोडलेली फुलं : शून्य.
संकल्प : रोज वीस मिनिटं सॉफ्टवेअर.

३१ डिसेंबर
बेकरीत गेलो. सोइलाबाईंनी नेहमीप्रमाणे बारा पावांवर तेरावा टाकला. यापा. न मागता मिळतो, म्हणून तर यापा. इथे माणसाची किंमत त्याला यापा किती मिळतो त्यावरून कळते. मला कधीकधी दोन मिळतात.
सरत्या वर्षाचा म्हणून आज रात्री जाळायच्या पुतळ्यात भरायला बायको, पिएदाद, जुने कपडे शोधत होती. मी हॉलच्या सगळ्या जुन्या वह्या दिल्या. पुतळ्याचं पोट छान भरलं. आता मी संगणकाचा माणूस.

२ जानेवारी
इंजिनिअरबाईंनी गेल्या वर्षाच्या वह्या मागितल्या.

३ जानेवारी
ओलिंपियाकडे तिची स्वतःची वही निघाली. एकोणीस वर्षं हॉलमध्ये निवडायच्या टेबलाशी उभी असते, आणि शाळेच्या वहीत सगळं लिहून ठेवते. म्हणाली, विल्फ्रिदोदादा, घ्या, पण ही जाळू नका. टेबलाशी सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

५ जानेवारी, सकाळी ९
सॉफ्टवेअर बसवलं. पासवर्ड ठेवला.

५ जानेवारी, सकाळी ११
पासवर्ड आठवत नाही.

९ जानेवारी
शेताचा तक्ता आणि हॉलचा तक्ता जोडला. यंत्र म्हणतं, एकही ओळ जुळत नाही. साहजिकच आहे. यंत्र परदेशी, त्याला आमचे गुलाब काय कळणार? कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं, दोन पानी.

१० जानेवारी
ओलिंपियाने खांद्यावरून डोकावून सांगितलं, की शेतवाले हरितगृहाचा नंबर ‘सात’ असा अक्षरात लिहितात आणि आपण ७ असा आकडा लिहितो, मग कसं जुळेल? मी म्हटलं, तेच मी आता करणार होतो. पत्र अजून टाकलं नव्हतं, हे बरं झालं.

१३ जानेवारी
जुळलं! शेतातून रोज सोळाशे जुड्या, जुडीत पंचवीस फुलं. हॉलमधून सोळाशे जुड्या, जुडीत पंचवीस फुलं. मी जन्मजात विश्लेषक आहे. पिएदादला सांगितलं. ती म्हणाली, आधी त्या धुलाईयंत्राचं विश्लेषण करा, तीन दिवस बादलीत कपडे धुतेय मी.

१४ जानेवारी
नासधुशीचा खांबतक्ता काढला. पडदा कोरा. खांबच नाही. शून्याला उंची नसते, हे आज कळलं. पॅकिंगच्या रमीरोचे खांब बघा, निळे, हिरवे, ताडमाड. बावीस वर्षांची निष्कलंक सेवा, आणि पडद्यावर काही नाही! जीव नुसता जळतोय.

१६ जानेवारी
इंजिनिअरबाई केबिनमध्ये आल्या. पडदा बघितला. विचारलं, शून्य? बावीस वर्षं? मी म्हटलं, अगदी शून्य. त्या म्हणाल्या, मोठं विलक्षण आहे हो. इतकं मनापासून कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. पण मग म्हणाल्या, तीस तारखेला काहीतरी दिसेल असं आणा.

१७ जानेवारी
सापडलं! कापणारे जुडीत पंचवीस लिहितात, पण बांधतात सव्वीस. वरचं एक यापा. काटे काढताना एखादं मोडतं, एखाद्याची मान लटकते, म्हणून वर एक टाकायचं, ही इथली जुनी रीत. मोडलं ते यापातलं मोडलं, आपलं मोडलं नाही. म्हणून तर शून्य. आता शेतात सव्वीस लिहायला लावले की आकडा हलेल आणि माझा खांब उभा राहील.
ओलिंपियाला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. म्हणाली, दादा, हात जोडते, यापा लिहू नका. तो कधी कुणी लिहीत नाही. लिहिला की तो द्यावाच लागतो, मग तो कसला यापा? शिवाय या यापाने सगळ्यात आधी झाकलीय ती आपल्याच हॉलची मोडतोड. मी म्हटलं, ओलिंपिया, तुला माहितीचं महत्त्व कळत नाही. नवं शिकायचं म्हटलं की लोक घाबरतात.

१९ जानेवारी
कापणाऱ्यांना हुकूम दिला : जेवढी बांधाल तेवढी लिहा. सोइलाबाईंच्या दोन्ही सुना त्यांच्यात आहेत. थोरली म्हणाली, काका, आम्ही तुमच्या हॉलसाठी प्रेमाने टाकतो हो ते. मी म्हटलं, प्रेम राहू दे, आकडा लिही.

२४ जानेवारी
खांब उभा राहिला! शेतात सव्वीस, हॉलमध्ये पंचवीस, म्हणजे जुडीमागे एक नासधुशीत; रोज सोळाशे फुलं. सबंध मळ्यात सर्वांत उंच खांब माझा. रमीरो गुडघ्याएवढा दिसतो. रंग लाल दिला, गुलाबाला शोभेल असा. वर शीर्षक : ‘विल्फ्रिदो यांचा हॉल’.
ओलिंपियाने बराच वेळ बघितलं. म्हणाली, दादा, अजून वेळ आहे, पुसून टाका. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हेवा माणसाला किती पोखरतो!

२९ जानेवारी
कोट इस्त्रीला दिला. आरशासमोर भाषणाचा सराव. पिएदाद म्हणाली, त्या खांबाचा अर्थ काय होतो ते एकदा मला सांगा. मी म्हटलं, अर्थ बाई लावतील, आपण खांब दाखवायचा.

३० जानेवारी
दाखवला. कोणी टाळी वाजवली नाही. भारावले असावेत. इंजिनिअरबाईंनी फक्त विचारलं, ही सोळाशे फुलं रोज जातात कुठे? मी हसून म्हटलं, खतात. बाईंनी लिहून घेतलं. रमीरोने माझा हात धरून बाहेर नेलं आणि म्हणाला, लेका, काय केलंस तू हे? मी म्हटलं, शिक, तुलाही जमेल.

३ फेब्रुवारी
फलक लागला. आजपासून जुडी सव्वीसचीच. पंचवीस आली तर ती धरली जाणार नाही. हॉलमध्ये रोज सोळाशे फुलं मोडतात, सबब हॉलप्रमुखाचं पद रद्द. हॉलचं काम ओलिंपिया बघेल. माझी बदली सात नंबरच्या हरितगृहात, कापणीला.
तक्ता माझाच छापलाय. लाल. काही गैरसमज झाला असणार. बाईंना भेटायला गेलो, त्या मीटिंगमध्ये होत्या.
खुर्ची ओलिंपियाने घेतली नाही. भिंतीला लावून ठेवली आणि टेबलाशी उभीच राहिली.

६ फेब्रुवारी
कापणी. व्हॅलेंटाइन डेचे गुलाब परदेशी नेणारी शेवटची विमानं भरायची आहेत. पंचविसांवर सव्विसावं शोधायला ओळीच्या टोकापर्यंत जावं लागतं. त्रेपन्नाव्या वर्षी कंबर मोडली. सोइलाबाईंच्या सुना पुढच्या ओळीत एकमेकींशी बोलत होत्या. मी जवळ गेलो की ओळ बदलायच्या. आता जुडीत वरचं काही नसतं, म्हणून हॉलमध्ये मोडलेलं फूल रोज कुणाच्या तरी नावावर चढतं. आज ओलिंपियाच्या नावावर अठ्ठावन्न.
संकल्प : हे सगळं एका नीट तक्त्यात मांडून बाईंना पटवायचं.

७ फेब्रुवारी
पासवर्ड बंद केलाय.

१४ फेब्रुवारी
सुट्टी. बेकरीत गेलो. सोइलाबाईंनी पाव पिशवीत घालताना मोठ्याने मोजले. इतक्या वर्षांत त्यांना मोजताना ऐकलं नव्हतं. मी थोडा वेळ काउंटरशी उभा राहिलो, हवापाण्याचं बोललो. त्या म्हणाल्या, अजून काही हवंय का, विल्फ्रिदोसाहेब? मी नाही म्हटलं.
घरी येऊन पिशवी ओट्यावर पालथी केली आणि पुन्हा मोजले.
बारा.