प्रवाहाच्या समोरून आलेली लाट

बाबा, आज मी भाट्याच्या पुलावर रिक्षा थांबवली आणि खाडीच्या तोंडाकडे बघत राहिले. ओहोटी लागली होती, वाऱ्याने लाटा आत येत होत्या, आणि दोन्ही भेटत होती तिथे पाणी उभं राहत होतं. आत्याच्या हळदीच्या दिवशीही असंच होतं. मी हट्ट करून तुझ्याबरोबर होडीत आले होते. परतताना मांडवातली गाणी ऐकू येत होती आणि तू खाडीच्या तोंडाबाहेरच नांगर टाकलास. मी रडून गोंधळ घातला. तू म्हणालास, "पाणी भायेर चाललाय, लाट आत येतेय. त्यांच्या भांडणात आपण नको शिरायला." भरती लागल्यावर आत आलो, तोवर हळद उरकली होती. आत्या सासरी जाईपर्यंत तुझ्याशी बोलली नाही. तूही कारण सांगितलं नाहीस. पाठवणीला मात्र सगळ्यांत जास्त तूच रडलास.

तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते. आता मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. यंदा आम्ही आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे चाललो होतो. तिथे समुद्रातच, किनाऱ्याला धरून, एक मोठा प्रवाह नदीसारखा नैऋत्येकडे वाहतो. त्याच्यावरून जहाज पळतं. पण नैऋत्येचं वादळ उठलं की लाटा त्याच्या समोरून येतात. प्रवाह त्यांना अडवतो, त्या आखडतात आणि उंच होतात. कधी तो त्यांना वळवून एका जागी गोळा करतो, आणि त्यातून एखादी राक्षसी लाट उठते.

दुपारी वारा नैऋत्येचा झाला तेव्हा ब्रिजवर, जहाज चालवायच्या खोलीत, वॉचवर मी होते. कॅप्टनना जेवणावरून बोलावलं आणि म्हटलं, उशीर झाला तरी चालेल, किनाऱ्याकडे सरकून प्रवाहाबाहेर पडूया. त्यांनी नकाशा पाहून मान डोलावली. डेकवरच्या सगळ्यांना आत घेतलं. खलाशांचा मुकादम, आपल्या बुरोंडीचा सारंग, कुरकुरत शेवटी आला.

आम्ही प्रवाहाबाहेर पडायच्या आधीच ती लाट आली. आधी समोरच्या पाण्यात खड्डा पडला. जहाजाचं नाक त्यात गेलं आणि पलीकडून भिंत उठली. ब्रिजच्या काचांपुढे नुसतं हिरवं पाणी. मग जहाज थरथरत वर आलं. सारंग मघाशी काम करत होता तिथले लोखंडी कठडे पार मुरगळले होते. तो वर आला, त्यांच्याकडे बघून म्हणाला, "बाय, चाय घेशील?" पुढे किनाऱ्याजवळ प्रवाह ढिला पडला, तशा लाटाही बसल्या. वादळ तेच होतं.

आई आत बांगडे साफ करतेय. काय लिहितेस म्हणून तिने विचारलं, मी म्हटलं, कामाचं. तिला मी सांगितलंय की समुद्र शांत होता. तिच्या हाती लागू नये म्हणून हा कागद फाडणार आहे. पण तुला सांगते, त्या खड्ड्यात जाताना मी मोठ्याने तुला हाक मारली. सुकाणूवरच्या माणसाने ऐकली असावी.