गरम इंजिनाचं तेल

अण्णा, आज १६ नोव्हेंबर, रविवार. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. कोबेच्या डोंगरउतारावरच्या एका गॅरेजमध्ये उलट्या क्रेटवर बसून मी एका गाडीच्या व्हॉल्व्हमधली फट तुम्ही दिलेल्या फीलर गेजने, त्या पातळ पोलादी पात्यांनी, मोजत होतो, ते बाजूला ठेवून हे लिहितोय. गाडी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी आहे. दोन दारांची, बसकी, पळायसाठीच केलेली. इंजिन मागे, आणि त्याला पाणी नाही. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, नुसता एक मोठा पंखा आणि सिलिंडरवर पातळ पातळ पट्ट्या, आपल्या गॅरेजात येणाऱ्या मोटरसायकलींना असायच्या तशाच. पहिल्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा मला तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "पाणी नाही? मग ही आपलीच की रे." व्हॉल्व्ह बघायचे तर इंजिन रात्रभर गार पडलेलं लागतं, म्हणून इतक्या लवकर आलो, असं कुणी विचारलं तर सांगीन. खरं कारण वेगळं आहे. दहा वाजता ही गाडी ज्यांची आहे ते म्हातारे गृहस्थ येणार आहेत आणि त्याआधी मला ठरवायचंय, त्यांना खरं सांगायचं की नाही.

ही इंजिनं गार होताना बोलतात, अण्णा. बंद केल्यावर बराच वेळ टिक, टिक, मग थांबून पुन्हा एक टिक. खाली बंदरातून जहाजाचा भोंगा येतो, धुक्यात क्रेन अर्ध्याच दिसतात, आणि मी मिरजेला स्वयंपाकघराच्या दारात असतो. तुम्ही मोटरसायकल तिथेच लावता. आई तव्यावरची भाकरी उलटते, तुम्ही हात धुऊन पाटावर बसता आणि जेवताना कान मात्र बाहेर. आई म्हणते, "ती गप्प झाल्याशिवाय यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही." तुम्ही म्हणता, "डाव्या बाजूने जरा जास्तच बोलतेय आज." मी भिंतीला टेकून तुमची बिलं तपासतोय. गॅस्केटचं तुम्ही ग्यासकीट करता, मी ते खोडून वर नीट लिहितो, आणि तुम्ही म्हणता, "लिही बाबा, तू लिही. मला बसवता येतं, लिहिता येत नाही."

मग तो दिवस. मी सतरा वर्षांचा. शाळेतल्या सरांची मोटरसायकल तेल बदलायला आली होती. जुनं तेल मी काढलं, खालचा नट आवळला, आणि नवं ओतायच्या आत कुणीतरी हाक मारली म्हणून उठलो. परत आलो तेव्हा गाडी पुसून दारात उभी होती आणि सर चावी मागत होते. सांगलीच्या रस्त्यावर ती जाम झाली. सर ती ढकलत परत घेऊन आले, शर्ट पाठीला चिकटलेला. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "सर, माझ्याकडून राहिलं. माझीच चूक." पिस्टन, रिंगा, बोअर, सगळं फुकट करून दिलंत. मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एकच वाक्य, "इंजिन गार, गाडी सरळ उभी, मग तेल बघायचं." आठवड्याने फीलर गेजचा हा संच हातात ठेवलात, पत्र्याच्या डबीत. म्हणालात, "डोळ्यांवर भरवसा नको. मोजत जा." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. दुसऱ्या वर्षात माझा डिप्लोमा सुटला. मोजायची सवय तेवढी राहिली.

या गॅरेजात मला चार महिने झालेत. त्याआधी ओसाकाला साध्या गाड्या करायचो. गॅरेजचे मालक फारसे बोलत नाहीत, पण बोलले की सगळं एकदम सांगतात. रबराचे पेट्रोल पाइप कडक झाले की आग लागते. हीटरच्या पेट्या गंजल्या की गाडीत धूर येतो. उभी ठेवली की सील सुकतात. "तेल गळत नसेल तर संपलंय समजा," असं गिऱ्हाइकांना हसत सांगतात. त्याच ओघात त्यांनी मला तेलाचंही सांगितलं होतं. या इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत असतं, गार असताना ते खाली उतरून बसतं आणि मोजपट्टी कोरडी दिसते. म्हणून गाडी पुरती तापवायची, चालू ठेवायची आणि मगच बघायचं. मला निम्मं कळलं नाही आणि मी "हाय" म्हणालो. इथे हाय म्हणजे ऐकलं. कळलं असं नाही.

बुधवारी सकाळी मी तुमच्या पद्धतीने बघितलं. इंजिन गार, गाडी सरळ. पट्टी कोरडी. सरांची मोटरसायकल डोळ्यांसमोर आली, आणि मी दीड लिटर तेल ओतलं. आजोबा, म्हणजे ही गाडी ज्यांची ते, संध्याकाळी ती घेऊन गेले. आजोबा मी त्यांना मनातल्या मनात म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, नोकरीभर मोठी जहाजं बंदरात आणायचे. गुरुवारी ते परत आले तेव्हा मागे निळा धूर, चढावरच्या घरांतली माणसं वाळत घातलेले कपडे आत घेत होती. मालक मला म्हणाले, "तेल किती आहे बघ." या वेळी पुस्तक वाचून, गाडी तापवून बघितलं. पट्टी वरपर्यंत भरलेली. जास्तीचं गुपचूप काढलं आणि सांगितलं, "बरोबर आहे." मालकांनी मान हलवली. "मग रिंगा गेल्या. इंजिन उघडावं लागणार." आजोबांनी गाडीच्या छतावर हात ठेवला. "हिचंही वय झालं, माझंही. सोमवारी लायसन्स परत करून येतो. हिला गिऱ्हाईक बघा." इथे म्हातारी माणसं स्वतःहून लायसन्स परत करतात, त्यांचं कौतुक होतं. माझ्या दीड लिटरने त्यांना म्हातारं केलं.

आता दुपारचे चार. सकाळी साडेसातला मालकांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दाढी केलीस?" नाही म्हणालो. "करून ये. मी माफीच्या मिठाईचा खोका घेऊन येतो." दहा वाजता आम्ही दोघं दारात कमरेत वाकून उभे. माझी चूक मालकांनी स्वतःवर घ्यायला सुरुवात केली, "आमच्याकडून," असं म्हणाले, तेव्हा मी मधेच म्हणालो, "नाही. माझ्याकडून. आणि खोटंही मीच बोललो." इथे मालकांचं बोलणं तोडत नाहीत. तोडलं.

आजोबांनी विचारलं, "किती जास्त?"

"दीड लिटर."

"म्हातारा झालो म्हणून तीन दिवस मी घरात काठी शोधतोय!" ते मालकांकडे वळले. "आणि बायकोने ती शोधून दिली." मग मला म्हणाले, "बस शेजारी. तापवू या, आणि माझ्यासमोर नीट मोज."

डोंगराचा घाट आम्ही चढलो. पहिल्या दोन वळणांना आत उरलेल्या तेलाचा धूर, मग थोडा, मग नुसती पिवळी झाडं आणि खाली समुद्र. ते जहाज वळवावं तसे, घाई न करता गाडी वळवत होते. वर सपाटीला इंजिन चालू ठेवून मी पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, त्यांना दाखवली. दोन खुणांच्या बरोबर मध्ये. लायसन्सचं त्यांनी काही सांगितलं नाही. किल्ली बंद केली आणि दोघंही ऐकत बसलो. टिक. टिक. ते म्हणाले, "डावीकडून जरा जास्त, नाही?"

आजचा खर्च लिहून ठेवतो, सवय आहे. तेल आणि त्यात भिजून गेलेला एअर फिल्टर माझ्या पगारातून कापा म्हटलं. मालकांनी फक्त मिठाईचा अर्धा खोका कापला, दीड हजार येन. बाकी फिटलं. पिस्टन, रिंगा, बोअर, गॅस्केट, सरांचा घामाने भिजलेला शर्ट, हे तुम्ही भरलंत. ते माझ्या नावावर घ्या. त्या दिवशी तेल माझ्याकडून राहिलं होतं, अण्णा. तुम्हाला माहीत होतं हे मला माहीत होतं, तरी मी ते एकदाही तोंडाने म्हणालो नाही. कागद घडी करून फीलर गेजच्या डबीत ठेवतोय, सगळ्यात पातळ पात्याच्या खाली.